नेपाळची राज्यघटना दुरुस्त व्हावी, मोडीत निघू नये: मराठवाड्यातून लिहितोय

गोदाकाठ | 27 नोव्हेंबर 2025, रात्री 9:40

नमस्कार मंडळी,

काल शाळेत संविधान दिन झाला. पोरांनी उद्देशिका म्हटली, प्रभातफेरी निघाली. सुटल्यावर नेहमीसारखा लातूर रोडच्या ढाब्यावर चहाला थांबलो. तिथं तंदूरवर आठ-नऊ वर्षांपासून एक नेपाळी माणूस आहे. अछामचा, म्हणजे नेपाळच्या पार पश्चिम टोकाचा. आम्ही सगळे त्याला दाजू म्हणतो. त्यानं विचारलं, "सर, आज शाळेत काय होतं?" सांगितल्यावर हात पुसले, मोबाइल काढला आणि एक फोटो दाखवला.

फोटोत त्याची वहिनी. लाल साडी, कपाळावर अबीर, गळ्यात झेंडूच्या माळा इतक्या की हनुवटी दिसत नाही. 2022 ला ती वडा सदस्य म्हणून निवडून आली. वडा म्हणजे वॉर्ड. जागेचं नावच "दलित महिला सदस्य". दाजू कामी समाजाचा, म्हणजे लोहार. गावात त्यांच्या हातचं पाणी चालत नसे. आता गावातल्या कामांवर चर्चा होते त्या बैठकीत त्याची वहिनी बसते.

मग तो म्हणाला, "सिंहदरबार जळाला त्या रात्री तिचा फोन आला होता सर. ती एवढंच विचारत होती, माझी जागा राहणार का गेली?" सिंहदरबार म्हणजे काठमांडूतलं त्यांचं मंत्रालय.

हा प्रश्न काल रात्रभर डोक्यातून गेला नाही, म्हणून हा धागा.

सप्टेंबरात काय झालं ते बहुतेकांना माहीत आहे. 4 तारखेला सरकारनं समाजमाध्यमं बंद केली. 8 तारखेला तरुण पोरं काठमांडूत रस्त्यावर आली आणि पोलिसांच्या गोळीबारात एका दिवसात 19 जण गेले. दुसऱ्या दिवशी पंतप्रधान ओलींनी राजीनामा दिला. त्याच दिवशी संसद, सिंहदरबार, सर्वोच्च न्यायालय पेटवलं गेलं. 12 तारखेला माजी सरन्यायाधीश सुशीला कार्की अंतरिम पंतप्रधान झाल्या, प्रतिनिधी सभा, म्हणजे संसदेचं खालचं सभागृह, विसर्जित झाली आणि 5 मार्च 2026 ही निवडणुकीची तारीख ठरली. आपल्याकडं तेव्हा अतिवृष्टीनं सोयाबीन पाण्याखाली होतं, त्यामुळं बातम्या आल्या आणि गेल्या.

आता तिथं घटनेवरच प्रश्न उभा आहे. काहींना थेट निवडून आलेला पंतप्रधान हवाय, काहींना प्रांत नकोत, काहींना राजा परत हवाय. माझं मत आधीच सांगतो: त्या घटनेत दुरुस्ती व्हायलाच पाहिजे, पण ती मोडीत निघाली तर सगळ्यात आधी दाजूच्या वहिनीची खुर्ची जाईल.

2015 ची ही घटना सहज आलेली नाही. 1996 ते 2006 माओवाद्यांचं युद्ध चाललं, त्यात तेरा हजारांहून जास्त माणसं गेली. 2008 ला 601 जणांची संविधान सभा बसली, त्यात जवळपास एक तृतीयांश बायका. चार वर्षं बसूनही घटना लिहून झाली नाही आणि 2012 ला ती सभाच संपली. 2013 ला दुसरी निवडली. शेवटी 20 सप्टेंबर 2015 ला घटना लागू झाली: सात प्रांत, पुढं 2017 ला ठरलेल्या 753 पालिका आणि गावपालिका, प्रत्येक वॉर्डात अध्यक्षासह पाच जण, त्यात एक महिला आणि एक दलित महिला. संसदेत प्रत्येक पक्षाच्या खासदारांत किमान एक तृतीयांश बायका.

पण त्यात दुखणीही आहेत. तराईतल्या, म्हणजे भारताच्या सीमेलगतच्या सपाट प्रदेशातल्या, मधेशी आणि थारू लोकांना वाटलं की प्रांतांच्या सीमा आपल्याला तोडायला आखल्या. त्याविरोधात झालेल्या आंदोलनात 40 हून अधिक माणसं गेली, पोलीसही गेले. आईच्या नावावर नागरिकता देताना आजही फरक आहे. परदेशी माणसाशी लग्न केलेल्या नेपाळी बाईच्या लेकराला अंगीकृत, म्हणजे अर्ज करून मिळणारी, नागरिकता, नेपाळी पुरुषाच्या लेकराला मात्र वंशज म्हणून. हे कलम वाचताना मला राग आला.

आपण मराठवाड्यातल्यांनी यात बोलावं, याचं माझ्याकडं एक कारण आहे. 26 नोव्हेंबर 1949 ला दिल्लीत घटना स्वीकारली गेली, तेव्हा त्या सभागृहात हैदराबाद संस्थानाचा एकही प्रतिनिधी नव्हता. म्हणजे आपला कुणीच नव्हता. पोलीस कारवाई होऊन जेमतेम सव्वा वर्ष झालेलं. निजामानं 23 नोव्हेंबरला फर्मान काढून ती घटना मान्य केली आणि ती आपल्याला लागू झाली. ज्या टेबलावर आपली पाटी नव्हती तिथं लिहिलेली घटना आज परभणी-हिंगोलीतला माणूस "माझी" म्हणतो. हे आपोआप झालेलं नाही. कसं झालं ते मधेशी माणसाला सांगण्यासारखं आहे, असं मला वाटतं.

तुमची मतं मांडा. जात-पक्षावरची भांडणं कृपया इथं नकोत.

---

मांजरा_किनारी | 27 नोव्हेंबर, 10:05

वाचतेय सर. हैदराबादचा प्रतिनिधी नव्हता हे मला माहीतच नव्हतं. पुढं लिहा.

---

बालाघाटी | 27 नोव्हेंबर, 11:12

सर, आदर ठेवून असहमत. तुम्ही घटना वाचवा म्हणायलात, पण 8 तारखेला जी पोरं गेली त्यात काही जण शाळा-कॉलेजच्या गणवेशात होते. माझ्या लहान भावाच्या वयाचे. त्यांनी काय अर्ज-विनंत्या केल्या नव्हत्या का? नेत्यांची पोरं परदेशात ऐष करायलेत आणि गावातली पोरं विमानात बसून कतारला मजुरीला जायलेत, हेच ते ओरडत होते. उत्तर म्हणून गोळी आली. मग राग कुठं काढायचा?

मी बीडचा. पुण्याला कंपनीत आहे. आमच्याही गावातली निम्मी पोरं बाहेरच आहेत. म्हणून मला तो राग कळतो.

---

खंडपीठ_शेजारी | 28 नोव्हेंबर, सकाळी 8:30

धागाकर्त्यांनी चांगला विषय काढला. वकिलीत आहे, म्हणून थोडी कायद्याची बाजू.

वहिनींच्या प्रश्नाचं उत्तर: जागा राहिली. विसर्जित झाली ती फक्त प्रतिनिधी सभा. राष्ट्रीय सभा (वरचं सभागृह), प्रांतसभा, पालिका, वॉर्ड सगळं जागेवर आहे. काठमांडूत धूर निघत होता तेव्हाही वडा कार्यालयातून जन्म-मृत्यूचे दाखले आणि शिफारसपत्रं द्यायचा अधिकार कायम होता. संघराज्याचा हाच उपयोग: वरचा मजला हलला तरी खालचा उभा राहतो.

पण एक गोष्ट नजरेआड करू नका. त्यांच्या कलम 76 प्रमाणे पंतप्रधान प्रतिनिधी सभेचा सदस्य हवा. कार्की सदस्य नाहीत. शिवाय कलम 132 निवृत्त सरन्यायाधीशाला दुसरं सरकारी पद घ्यायला जवळपास मनाईच करतं. राष्ट्राध्यक्षांनी कलम 61, म्हणजे घटनेचं पालन आणि रक्षण करायच्या कर्तव्याचा आधार घेतला. त्यावर रिट दाखल झालेत. त्या वेळी दुसरा मार्ग काय होता, हे मलाही सांगता येणार नाही. लष्कर रस्त्यावर होतं आणि सत्ता नागरी हातात राहिली, ही मोठीच गोष्ट. तरी एकदा वाकवलेलं कलम पुढच्या वेळी अजून सोपं वाकतं, म्हणून वेळेवर निवडणूक आणि नव्या संसदेकडून रीतसर दुरुस्ती, दोन्ही व्हायला हवं. अंतरिम सरकारला घटनादुरुस्ती करता येतच नाही. कलम 274 प्रमाणे दोन्ही सभागृहांत दोन तृतीयांश लागतात, आणि आज एक सभागृहच नाही.

बालाघाटी, तुमचा राग खरा आहे. पण सर्वोच्च न्यायालय जळालं तेव्हा हजारो फायली जळाल्या. कुणाचा जमिनीचा दावा, कुणाची पोटगी. त्यांचा काय दोष होता? नंतर आवारात तंबू ठोकून न्यायाधीशांनी काम सुरू केलं. तो फोटो मी कपाटावर चिकटवलाय.

---

तेरणाकाठची | 28 नोव्हेंबर, दुपारी 1:15

तंबूवरून लिहावंसं वाटलं.

मी किल्लारी भागातली. 30 सप्टेंबर 1993 ला मी सातवीत होते. आदल्या दिवशी गणपती विसर्जन, आणि पहाटे सगळं गाव दगडमातीखाली. पुढं कित्येक महिने पत्र्याच्या शेडमध्ये शाळा. पाऊस आला की पत्र्यावर एवढा आवाज व्हायचा की बाई शिकवणं थांबवायच्या आणि आम्ही नुसतं एकमेकींकडं बघत बसायचो.

25 एप्रिल 2015 ला नेपाळात भूकंप झाला, सुमारे नऊ हजार माणसं गेली. जूनमध्ये मोठ्या पक्षांनी घटनेबाबत 16 कलमी समझोता केला. जुलैत घटनेच्या मसुद्यावर लोकांचं मत घ्यायला किती दिवस दिले, तर दोन. दोन दिवस! लोक ताडपत्रीखाली, पावसाळा सुरू, वरून दरडी कोसळतायत. आमच्या शेडमध्ये त्या वेळी कुणी मसुदा घेऊन आलं असतं तर माझ्या आईनं विचारलं असतं, "साहेब, रॉकेल कधी मिळणार?"

सात वर्षं न झालेलं काम भूकंपानं घडवलं, असं कौतुकानं सांगतात. नेत्यांना एकत्र बसवलं, हे खरं आहे. पण ज्यांना विचारायचं राहून गेलं त्यांचं राहूनच गेलं. आता दुरुस्ती करणार असतील तर यंदा तसली घाई नको. गावोगाव जा, नेवारी, मैथिली, थारू, ज्याच्या त्याच्या भाषेत विचारा. आमच्या पुनर्वसनात जिथं बायकांना आधी विचारलं तिथं घरं राहण्यासारखी झाली. जिथं नाही विचारलं तिथं पाहुणे बसायची खोली मोठी आणि चुलीला जागा नाही, अशी घरं मी स्वतः बघितलीत.

---

हरहर_महादेव_७१ | 28 नोव्हेंबर, सायंकाळी 6:50

दोनदा पशुपतिनाथाला जाऊन आलोय. लोक म्हणतात राजा होता तेव्हा शिस्त होती. जगातलं एकमेव हिंदू राष्ट्र होतं ते. ती ओळख घालवून काय मिळवलं? एकाही पंतप्रधानाला पाच वर्षं पूर्ण करता आली नाहीत. बहुविविधता वगैरे ठीक आहे, पण घर चालवायला कुणीतरी कर्ता लागतो.

---

गोदाकाठ | 28 नोव्हेंबर, रात्री 9:20

काका, तुमची श्रद्धा मला कळते. आमच्या आईची शेवटची इच्छा पशुपतिनाथाचीच होती. पण कर्त्या राजाचा अनुभव नेपाळी लोकांनी घेतलाय. 1959 ला पहिली निवडणूक झाली, बी. पी. कोइराला निवडून आले. डिसेंबर 1960 मध्ये राजे महेंद्र यांनी सरकार बरखास्त करून त्यांना तुरुंगात टाकलं आणि तीस वर्षं पक्षबंदीची पंचायत नावाची राजवट चालली. 1 फेब्रुवारी 2005 ला राजे ज्ञानेंद्र यांनी सगळी सत्ता हातात घेतली, तेव्हा फोनच्या लायनी तोडल्या, पुढाऱ्यांना घरात कोंडलं. पुढच्या वर्षी एप्रिलमध्ये 19 दिवस लोक रस्त्यावर होते, त्यात जानवं घातलेले पुजारीही होतेच.

आणि धर्माचं म्हणाल तर त्यांच्या कलम 4 मध्ये धर्मनिरपेक्षतेचा अर्थच असा दिलाय की प्राचीन काळापासून चालत आलेल्या धर्म-संस्कृतीचं रक्षण आणि धार्मिक स्वातंत्र्य. पशुपतिनाथाची पूजा थांबलेली नाही. ज्यांचा देव वेगळा आहे त्यांना आता सरकारदरबारी पाहुण्यासारखं उभं राहावं लागत नाही, एवढंच झालं. निजामाच्या राज्यात आपल्या आजोबांना कसं वाटायचं, हे मराठवाड्यातल्या घराघरांत माहीत आहे. राज्याचा धर्म आपला नसला की काय होतं, याची आठवण आपल्याला आहे. ती फक्त आपल्यापुरती वापरू नये.

सरकारं पडतात, हे मात्र शंभर टक्के खरं. 275 पैकी 165 जागा थेट आणि 110 पक्षाच्या मतांच्या प्रमाणात, त्यामुळं कुणालाच बहुमत मिळत नाही, अशी तक्रार असते. मला त्यातली दुसरी बाजू जास्त खटकते. त्या 110 जागांच्या यादीत दलित, जनजाती (आदिवासी), मधेशी, थारू, मुस्लिम आणि खस आर्य (पहाडी ब्राह्मण-छेत्री), सगळ्यांचा लोकसंख्येप्रमाणे वाटा ठरलेला. कल्पना उत्तम. पण नावं पक्षाचा नेता ठरवतो. मग यादीत कुणाची सून, कुणाचा व्यापारी मित्र. दुरुस्ती इथं हवी: यादीतलं नाव मतदारानं निवडावं. थेट निवडलेल्या पंतप्रधानाची मागणी मला पटत नाही. एवढ्या भाषा आणि जमाती असलेल्या देशात एका खुर्चीसाठी एकच लढत झाली की लहान समाज त्यात कुठंच उरत नाही.

बालाघाटी, तुमचं रात्रीपासून मनात आहे. त्या पोरांना मी दोष देत नाही, गोळी घालणाऱ्यांवर कारवाई झालीच पाहिजे, त्यासाठी चौकशी आयोग बसलाय. पण डॉ. बाबासाहेबांनी 25 नोव्हेंबर 1949 च्या भाषणात सांगितलं होतं की घटनात्मक मार्ग खुले असताना रक्तरंजित मार्ग धरणं म्हणजे अराजकाला निमंत्रण. आणि तेच बाबासाहेब आयुष्याच्या शेवटच्या महिन्यात, नोव्हेंबर 1956 मध्ये, काठमांडूत होते. जागतिक बौद्ध परिषदेत बुद्ध आणि मार्क्स या विषयावर बोलले. माणसाचं मन वळवून आणलेला बदलच टिकतो, हा त्या भाषणाचा गाभा होता. ज्यांनी औरंगाबादला मिलिंद महाविद्यालय उभं केलं, त्यांनी हे नेपाळात जाऊन सांगितलंय.

---

नागसेनवन | 29 नोव्हेंबर, सकाळी 7:10

सर, मिलिंदचं नाव काढलंत म्हणून लिहितो. मी तिथलाच विद्यार्थी.

27 जुलै 1978 ला विधिमंडळानं विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव केला आणि त्यानंतर मराठवाड्यात आमच्या वस्त्या जळाल्या. मी तेव्हा वसतिगृहात होतो. गावाकडून वडील आले, हातात एक पितळी तांब्या. घरातून तेवढंच निघालं म्हणाले. तो तांब्या अजून आहे.

त्यानंतर सोळा वर्षं. मोर्चे, लाँग मार्च, तुरुंग. 14 जानेवारी 1994 ला नामविस्तार झाला: डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ. आमच्यातल्या अनेकांना तेव्हा "मराठवाडा" शब्द ठेवला म्हणून अपुरं वाटलं होतं, पलीकडच्यांना बाबासाहेबांचं नाव आलं म्हणून. आज माझी नात त्या कमानीखालून जाते तेव्हा तिला दोन्ही नावं एकत्रच पाठ आहेत.

सरांनी वर विचारलंय की घटना आपली कशी झाली. आमच्यासाठी ती अशी झाली. घटनेनं दिलेलं प्रत्येक कलम पुन्हा रस्त्यावर आणि कोर्टात जाऊन मिळवावं लागलं. आमची घरं ज्यांनी जाळली त्यांनाही कायद्याचं राज्य नको होतं. म्हणून जाळपोळ बघितली की माझ्या पोटात गोळा येतो, मग ती कोणत्याही बाजूची असो.

---

मांजरा_किनारी | 29 नोव्हेंबर, सकाळी 9:45

नागसेनवन काका, वाचून बराच वेळ काही लिहिता आलं नाही. नमस्कार.

मी ग्रामपंचायत सदस्य आहे, म्हणून मला वॉर्डात रस. एक माहिती इथं ठेवते. नेपाळच्या प्रत्येक पालिकेत तीन जणांची न्यायिक समिती असते (कलम 217) आणि तिची प्रमुख उपमहापौर किंवा गावपालिकेची उपाध्यक्ष. पक्षानं दोन्ही पदांना उमेदवार दिले तर एक बाई द्यावीच लागते. पुरुष महापौर व्हायला बघतात, त्यामुळं 2017 ला उपपदांवर बहुतेक बायकाच आल्या. म्हणजे बांधाचं भांडण, पाण्याची पाळी, म्हाताऱ्या आईबापाला न सांभाळणारा मुलगा, नवरा-बायकोचा तंटा, हे सगळं एका बाईसमोर येतं. माझ्या गावात बांधाचा तंटा पाराजवळ सुटतो, आणि तिथं मला अजून खुर्ची नसते.

दुसरं. नेपाळात 1997 नंतर थेट 2017 ला स्थानिक निवडणुका झाल्या. मधली कितीतरी वर्षं सरकारी सचिव गाव चालवत होते, लोकांना विचारायला कुणी नव्हतं. आपल्या जिल्हा परिषदांवर 2022 पासून प्रशासक आहे. सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं म्हणून आता निवडणुका होतायत. पाणंद रस्त्याचा अर्ज घेऊन मी तीन वर्षं कुणाकडं जायचं, हे कुणीच सांगू शकलं नाही. नेपाळ फार लांब नाही.

---

बालाघाटी | 29 नोव्हेंबर, रात्री 10:30

काका, तुमच्या तांब्याचं वाचलं. माझ्याकडं त्यावर उत्तर नाही. जाळपोळीबद्दलचं माझं म्हणणं मागं घेतो. राग मागं घेत नाही.

एकच विचारायचंय. आपण भारतातून पाठिंबा द्यायचा म्हणजे काय करायचं? 2015 च्या मधेशी आंदोलनात भारत-नेपाळ सीमेवर माल अडला, त्या नाकाबंदीचं तिकडं लोक अजून बोलतात. माझ्या कंपनीतला नेपाळी सहकारी म्हणतो, त्या हिवाळ्यात घरी गॅस नव्हता, लाकडावर स्वयंपाक केला. भारत सरकार म्हणतं आम्ही काही अडवलं नाही, पण त्याच्या आईला ते पटत नाही.

---

खंडपीठ_शेजारी | 30 नोव्हेंबर, सकाळी 8:05

बरोबर प्रश्न. माझ्या मते शेजाऱ्यानं वाटाघाटीला जागा द्यावी, मजकूर सांगू नये. नोव्हेंबर 2005 मध्ये सात पक्ष आणि माओवाद्यांचा 12 कलमी समझोता दिल्लीत झाला, त्यातून पुढं युद्ध थांबलं. ते चांगलं उदाहरण. नाकाबंदी हे वाईट. मधेशींची मागणी रास्त होती, आणि नाकाबंदीमुळंच ती उरलेल्या नेपाळला परकी वाटायला लागली. तरी जानेवारी 2016 मध्ये, चार महिन्यांत, पहिली दुरुस्ती झालीच: मतदारसंघ आखताना लोकसंख्या हा मुख्य निकष आला. मधेशींचं समाधान पूर्ण झालं नाही, पण दार उघडतं हे दिसलं. आणि डिसेंबर 2020 ला आणि मे 2021 ला, असं दोनदा पंतप्रधान ओलींनी प्रतिनिधी सभा विसर्जित केली, दोन्ही वेळा त्यांच्या सर्वोच्च न्यायालयानं ती परत जिवंत केली. असं न्यायालय ज्या घटनेनं दिलं ती टाकाऊ कशी म्हणायची?

आपल्या हातात असलेली गोष्ट म्हणजे इथं राहणाऱ्या नेपाळी माणसाला मतदानाला जायला रजा मिळवून देणं. त्यांना इथून मत देता येत नाही, गावीच जावं लागतं.

---

गोदाकाठ | 30 नोव्हेंबर, रात्री 9:15

वकीलसाहेब, तुमचा प्रतिसाद वाचून आज सरळ ढाब्यावर गेलो. मालकाशी बोललो. मार्चमध्ये लग्नसराई, तंदूरवाला सोडायला तो तयार नव्हता. ऊसतोडीला गेलेल्या आपल्या माणसांचं मत असंच बुडतं, त्याची आठवण करून दिली. त्याचे स्वतःचे वडील कोयता घेऊन कारखान्याला जायचे. थोडा वेळ गप्प बसला आणि म्हणाला, दहा दिवस देतो, पगार कापणार नाही.

दाजूला तुमच्या प्रतिसादातलं वाचून दाखवलं, वहिनीची जागा शाबूत आहे ते. त्यानं लगेच व्हिडिओ कॉल लावला. पलीकडं अंधार होता, चुलीच्या उजेडात बाई दिसत होत्या. मला नमस्कार केला आणि नेपाळीत भरभर काहीतरी म्हणाल्या. दाजू हसला. म्हणाला, "ती म्हणते, जागा आहे हे मला माहीत आहे, मंगळवारी पाण्याच्या नळाची बैठक मीच बोलावलीय. सरांना विचार, तुमच्याकडं एका नळावर किती घरं?"

आम्ही मग जायचा हिशोब मांडला. लातूरहून एसटीनं परभणी, तिथून सचखंडनं दिल्ली, दिल्लीहून बसनं बनबसा, पुल ओलांडून पलीकडं गड्डाचौकी, मग अत्तरिया, डोंगरातून साँफेबगर, आणि पुढं तीन तास पायी. त्यानं टेबलाखालच्या ट्रंकेतून प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली नागरिकता काढून दाखवली. घडीवर कागद फाटायला आलाय. उद्या शाळेतून आमच्या शिपायाकडून लॅमिनेशन करून आणतो म्हटलं, तर नको म्हणाला, आधी मतदार यादीत नाव आहे का ते बघू. मांजरा_किनारी ताई, एका नळावर किती घरं असावीत याचा काही सरकारी निकष असेल तर सांगा, बाईंना मंगळवारच्या आत कळवायचंय.